दत्तक लेकरं, दोन घरं आणि मधली मैत्री : तुमचे अनुभव सांगा

मिनेसोटा (धागा सुरू करणारी)

आमच्या शेजारच्या बाई मागच्या महिन्यात घर विकून मुलाच्या गावी गेल्या. पंचवीस वर्षांहून जास्त शेजार. निघताना माझ्या पुरणयंत्राची जाळी परत देऊन गेल्या. ती मी त्यांना २००३ मध्ये दिली होती आणि साफ विसरले होते. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून धागा काढतेय.

आमची ओळख झाली ती त्यांच्या मुलीमुळे. मुलगी भारतातून दत्तक आणलेली. बाईंचं घराणं मूळचं नॉर्वेकडचं, पण चार पिढ्या मिनेसोटातच गेलेल्या. आम्ही १९९८ च्या जानेवारीत उणे वीसमध्ये येऊन टेकलो होतो. त्यांना वाटलं, आता हे लोक आपल्या मुलीला भारत शिकवतील. झालं भलतंच. त्यांनीच आम्हाला बर्फ शिकवला. गाडीचं इंजिन रात्री वायरीनं गरम ठेवायचं, नळ थेंबथेंब चालू ठेवायचा, पोराच्या बुटात कोरडे मोजे जास्तीचे द्यायचे. मी त्यांच्या मुलीला काय शिकवलं? शंकरपाळे लाटायला. तेही तिला माझ्यापेक्षा सुबक जमायचे.

परदेशातून मूल दत्तक घेणं इथं फार जुनं. आडनाव जॉन्सन आणि चेहरा कोरियन, यात मिनेसोटात कुणाला नवल वाटत नाही. भारतातून आलेली मुलंही आहेत. इथं १९७९ पासून 'सिल्क' ही भारतीय भाषांची आणि संस्कृतीची शाळा चालते. तिथं आपल्या पोरांच्या बाकावर ही मुलंही बसायची, आणि मागं त्यांचे आईबाप आपल्या जाड पेन्सिलींनी अक्षरं गिरवत असायचे.

तर सांगा, तुमची अशी मैत्री कशी जमली, कुठं अडली, कोणी कोणाला काय दिलं. हिशेब उलटा निघाला असेल तर आवर्जून सांगा. मुलांची नावं नकोत. संस्थांच्या नावानं भांडणं नकोत. आणि 'बिचारी' आणि 'नशीब काढलं पोरीनं' हे इथं बंद. का, ते खाली कोणीतरी सांगेलच.

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

आमचं गाव डच आडनावांचं. चर्च आणि बेकरी पावलापावलावर. १९९७ मध्ये मुलाला बालवाडीत सोडायला गेले तर दारात एक उंचनिंच गोरी बाई आणि तिचा हात धरून आपल्यासारखी सावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. बाई सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुम्हाला मराठी येतं का? हिंदी नाही, इंडियन नाही, मराठी! मी उडालेच.

मुलगी १९९२ मध्ये पुण्याहून आलेली, तेव्हा अकरा महिन्यांची. तिची फाइल त्यांनी कपाटात देवासारखी ठेवली होती. आत बरेच इंग्रजी कागद. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली पुण्याच्या कोर्टानं दिलेला आदेश होता. तेव्हा परदेशी जोडप्याला भारतात आधी पालकत्व मिळे आणि दत्तकविधान इथं आल्यावर पुरं होई. लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा १९८४ चा निकाल लागल्यापासून कागदपत्रांची शिस्त कडक झाली होती, म्हणून फाइल चांगली जाडजूड. आणि त्या सगळ्यात एक वहीचा फाडलेला अर्धा कागद, निळ्या शाईतला, मराठीत. सांभाळणाऱ्या मावशींनी लिहिलेला असणार. पाच वर्षं त्या घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता.

त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला. 'उजव्या कुशीवर झोपते. दूध कोमट लागते, गार दिले तर तोंड फिरवते. टाळी वाजवली की हसते. शिंकली की घाबरते.' आणखी दोन ओळी होत्या. मी वाचता वाचता रडायला लागले, बाई रडायला लागली, आणि ती मुलगी आम्हा दोघींकडे बघत बिस्किट खात होती. मग तिनं विचारलं, अजून घाबरते का मी शिंकल्यावर? आई म्हणाली, अगं, अजूनही.

त्या दिवसापासून आमची दोन घरं एकच झाली म्हणा. त्यांच्या थँक्सगिव्हिंगला आमचा मसालेभात आणि आमच्या गणपतीला त्यांची सफरचंदाची पाय. माझं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा आई व्हिसाअभावी येऊ शकली नाही. त्या बाईनं पंधरा दिवस माझ्याकडे रोज येऊन स्वयंपाक केला. मीठ कमी, पण गरम.

क्लीव्हलंड, ओहायो

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. एक ओळखीचं कुटुंब एकदा घाबरून माझ्या दारात. भारतातून आणलेलं बाळ, आणि नव्या डॉक्टरनं विचारलेलं, याच्या पाठीवर नि कुल्ल्यांवर हे निळे वळ कशाचे? म्हणजे मारलंय का, असा अर्थ. मी माझ्या धाकट्याचे लंगोटातले फोटो काढून दाखवले, तेच निळसर डाग. आपल्याकडच्या कितीतरी बाळांना जन्मतः असतात, शाळेत जाईपर्यंत बहुतेकांचे मावळतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले आणि डाग जन्मखूण म्हणून कागदोपत्री नोंदवून घेतले.

तसंच क्षयाच्या चाचणीचं. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी टोचतात, त्यामुळे इथली कातडीवरची चाचणी कधी कधी उगाचच 'आहे' म्हणते. मग छातीचा एक्सरे, औषधाची चर्चा, घरात सुतक. रक्ताची चाचणी या लशीनं फसत नाही, ती मागायची. मी त्या बाईला माझ्या डाव्या दंडावरचा वण दाखवला. तिनं लेकराच्या दंडावरचा बघितला. ती म्हणाली, म्हणजे तुम्हा सगळ्यांना एकच सही आहे की!

ते लेकरू आता कॉलेजात आहे. मागे उन्हाळ्यात आमच्याकडे आलं होतं, बाह्या दुमडलेल्या, दंडावर तोच वण, आणि माझ्या लेकाला म्हणालं, तुझा कुठंय? माझ्या लेकाचा जन्म ओहायोचा. त्याला वण नाही. फार वाईट वाटलं त्याला.

एडिसन, न्यू जर्सी

आमचा किस्सा लहान आहे. समोरच्या घरी भारतातून दत्तक मुलगी. आम्ही उत्साहानं तिला आरत्या शिकवल्या, मोदक खिलवले, नऊवारी नेसवली. दोन वर्षांनी आईनं सहज सांगितलं, ती कोलकात्याची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सौ.नं आमच्या बंगाली मित्रांना गाठलं आणि मुलीला दुर्गापूजेला नेलं. तिला कंटाळा आला. म्हणाली, मला मोदक आवडतात.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

सगळं गोडगोड चाललंय, म्हणून मी कडू लिहितो. आमची मैत्री टिकली नाही. मला वाटायचं आम्हाला फक्त दिवाळीला बोलावतात. साडी नेसवायला बायको हवी, रांगोळी हवी, शाळेत 'इंडिया डे'ला ढोकळा हवा. (ढोकळा! आम्ही साताऱ्याचे.) एरवी आमच्या पोराच्या वाढदिवसाला ते लोक नाहीत. एकदा बायकोनं स्पष्ट बोलून दाखवलं.

पण खरं सांगायचं तर दोर त्याआधीच काचला होता, आणि तो आमच्याकडून. माझ्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर मला मराठीत विचारलं, 'पोरीची जात काय असेल रे?' मुलीला मराठी कळत नव्हतं. तिच्या बापाला सूर कळला. त्यानं मला परसात विचारलं, काय म्हणाले? मी खोटं बोललो. त्याला ते खोटंही कळलं. ढोकळ्याचं मी आजवर मित्रांना पुष्कळदा सांगितलंय, हे पहिल्यांदा लिहितोय.

शोमबर्ग, इलिनॉय

शेजारचे आजोबा नौदलातून निवृत्त, आजी शाळेत ग्रंथपाल. त्यांनी १९७८ मध्ये भारतातून मुलगी आणली. २०११ मध्ये ती पासपोर्ट काढायला गेली, तर कळलं की ती अमेरिकेची नागरिकच नाही! दत्तकविधान झालं की झालं, असं आईबापांनी धरलं होतं. नागरिकत्वाचा वेगळा अर्ज त्या काळी करावा लागे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं २००० साली कायदा झाला, पण आपोआप नागरिकत्व मिळालं ते २७ फेब्रुवारी २००१ ला अठराच्या आत असलेल्या मुलांना. ही तोवर बावीस-तेवीसची होऊन गेली होती. नशीब, तिनं कधी मतदान केलं नव्हतं. केलं असतं तर भलतंच लचांड मागं लागलं असतं.

आजोबांना या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं मला. ग्रीन कार्ड, बोटांचे ठसे, नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज, गेल्या पाच वर्षांत कुठं कुठं राहिलात आणि किती दिवस देशाबाहेर होतात, सगळं मी नुकतंच, २००९ मध्ये, पार पाडलेलं. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी लागली. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असे, मुलाखतीत त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. आजोबा प्रश्न विचारणार, मुलगी उत्तर देणार, मी बटाटेवडे तळणार.

एकदा आजोबांना मीच विचारलं, संविधानाला दुरुस्त्या किती? ते म्हणाले, वीसेक असतील. मी कढईतून न बघता म्हटलं, सत्तावीस. आजीनं चष्म्यावरून नवऱ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

शपथविधीला आम्ही चौघं गेलो. मुलीच्या एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला मी. शेजारच्या खुर्चीवरच्या मेक्सिकन बाईनं मलाच तिची आई समजून अभिनंदन केलं. मी दुरुस्त करायला गेले तर आजी म्हणाल्या, राहू दे.

प्लेनो, टेक्सस

आम्हाला मूल नव्हतं. आपल्या लोकांत यावर बोलायची सोय नाही. डोहाळजेवणाला बोलावणं येत नसे, किंवा आलं तर चोरून. आमच्या गल्लीत एक टेक्सन कुटुंब, दोन मुलं दत्तक, एक भारतातून, एक इथियोपियातून. त्या बाईनं एकदा कुंपणावरून सरळ विचारलं, तुम्ही दत्तकाचा विचार केलाय का? मला इतका राग आला, आणि इतकं हलकंही वाटलं.

पुढचं सगळं तिनं बोट धरून केलं. ग्रीन कार्डवर असताना भारतातून मूल दत्तक आणायचा अर्जच करता येत नाही, आधी अमेरिकन नागरिक व्हावं लागतं, हे मला तिनं सांगितलं. भारताचं मी तिला सांगायला हवं होतं, पण 'कारा' (भारत सरकारची दत्तकाची यंत्रणा) म्हणजे काय, २००८ नंतर परदेशी दत्तकाच्या हेग कराराखाली कागद कोणत्या क्रमानं जातात, हे सगळं तिला पाठ. घरतपासणीला समाजसेविका येणार म्हणून मी फराळ करून ठेवला होता. शेजारीण म्हणाली, चिवडा ठेव, पण आधी अग्निशामक सिलिंडर आण. खरंच, त्या बाईंनी आधी तोच विचारला.

लेक घरी आली तेव्हा चौदा महिन्यांची. सासूबाई म्हणाल्या, तिला कळू द्यायचंच कशाला? मोठी झाली की बघू. शेजारीण तिथंच होती. मी भाषांतर केलं. तिनं काही न बोलता घरी जाऊन आपल्या मुलाचं फोटोंचं पुस्तक आणलं. पहिल्या पानावर आश्रमाचं फाटक, दुसऱ्या पानावर सांभाळणाऱ्या बाई, मग विमान. तिच्या मुलानंच ते सासूबाईंना उलगडून दाखवलं, आठ वर्षांचा असेल. 'हे माझं पहिलं घर, हे दुसरं.' सासूबाईंनी चष्मा पुसला. लेकीला रात्री झोपताना तिची गोष्ट आता त्याच सांगतात. त्यात अधूनमधून पांडुरंगही येतो. मूळ कागदपत्रांत तो नाही.

डेन्व्हर, कोलोरॅडो

मी दत्तक मुलगी. आता मुलगी नाही, छत्तीस वर्षांची आहे. मराठी मी तिशीत शिकले. मैत्रीण तपासते आहे, तरी चुका राहतील.

कोलोरॅडोत डोंगरात दर उन्हाळ्यात भारतीय आणि नेपाळी दत्तक मुलांचं शिबिर असतं. आईबाबा पण येतात. तिथं सगळ्यांचे आईबाबा गोरे आणि सगळी मुलं माझ्यासारखी. तिथं मला कोणी विचारत नव्हतं. तिथं एक मराठी काकू स्वयंपाकाला यायची. मी नऊ वर्षांची होते. ती म्हणाली, कांदा काप. बस. दुसरं काही म्हणाली नाही. मला ती आवडली.

तिच्या घरी मी खूप जायचे. मला वाटायचं तिची मुलं सगळं भारतीय करतात. पण तिचा मुलगा पिझ्झा खायचा आणि त्याला पण मराठी येत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

देवळात दुसऱ्या मावश्या विचारायच्या, 'तुझे खरे आईबाबा कुठे?' माझे खरे आईबाबा पार्किंगमध्ये गाडी लावत असायचे. 'नशीब काढलंस' पण म्हणायच्या. तेव्हा मला वाटायचं की माझी आई मला कुठेतरी गमावून बसली आणि हे लोक मला अभिनंदन करतात. (अभिनंदन 'मला' की 'माझं'? मैत्रीण म्हणते माझं.) काकू एकदा अशा एका बाईंना म्हणाली, नशीब तिच्या आईबापांनी काढलं, पोरगी कांदा छान कापते.

पुणे

मी या सगळ्यांतली घरी बसलेली आजी. माझी लेक न्यू हॅम्पशायरला. तिच्या शेजाऱ्यांनी मुलगा इथूनच नेलेला, त्याला एकोणिसावं लागलं तेव्हा तिघं पुण्याला आले आणि हॉटेलात कशाला म्हणून माझ्याकडे सदाशिव पेठेत उतरले. बाप सव्वासहा फूट. पहिल्याच दिवशी न्हाणीघराच्या चौकटीला कपाळमोक्ष. मी हळद लावली. पुढचे आठ दिवस ते पिवळं कपाळ घेऊन गावभर हिंडले.

मुलाला आश्रम बघायचा होता. बघितला. जन्मदात्यांची माहिती गुप्त ठेवायची असते, त्यामुळे तिकडचं दार उघडलं नाही, हे तो आधीच जाणून होता. मला वाटलं, आता पोरगं उदास होणार. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन तुळशीबागेत गेले, आईबाप मागून. दुकानदार आईबापांशी इंग्रजीत आणि याच्याशी मराठीत! 'दादा, पाहुण्यांना सांगा, शेवटचा भाव.' याला एक अक्षर कळत नव्हतं, पण गडी खूश. रात्री म्हणाला, आजी, आज पहिल्यांदा लोक माझ्याकडे नाही, आईबाबांकडे वळून बघत होते.

त्याची आई माझ्याशी फोनवर अजून बोलते. तिला माझं इंग्रजी कळत नाही, मला तिचं. रविवारी सकाळी दहा मिनिटं.

मिनेसोटा (धागा सुरू करणारी)

आजी, हळदीवर मी एकटीच हसत बसलेय. सॅन होजे, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ग्रँड रॅपिड्सच्या ताई, एक विचारू? चिठ्ठीत 'आणखी दोन ओळी' होत्या म्हणालात. त्या काय होत्या? सांगायच्या नसतील तर राहू द्या.

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

सांगते. त्या ओळी मी त्या दिवशी वाचल्याच नाहीत. म्हणजे मनात वाचल्या. 'स्टेशनजवळ टाकून दिलेली मिळाली. तेव्हाचे फडके धुऊन सोबत ठेवले आहे.' 'टाकून दिलेली' हे मला त्या सहा वर्षांच्या पोरीसमोर म्हणवेना. मी म्हटलं, आश्रमात आली तेव्हा फडक्यात गुंडाळलेली होती, आणि कागद घडी करून दिला.

ती गोष्ट मला वीस वर्षं डाचत होती. २०१७ मध्ये इथल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन आमच्याच गावात भरलं. ती दोघं मायलेकी स्वयंसेवक. आईनं जांभळी साडी नेसलेली, गळ्यात ओळखपत्र. लेक नोंदणीच्या टेबलावर. माझ्या आईकडून एका सुट्टीत ती अक्षरं शिकली होती, त्या जोरावर लोकांच्या नावांच्या पाट्या शोधून देत होती. दुपारी जरा सामसूम झाल्यावर मला म्हणाली, काकू, ती चिठ्ठी मी परवा स्वतः वाचली. तू दोन ओळी गाळल्या होत्यास.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी तिच्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, अगं, कोर्टाच्या कागदात ते इंग्रजीत पहिल्याच पानावर आहे. आम्ही तिला चौथ्या वर्षीच सांगितलं होतं. तू इतकी रडत होतीस, म्हणून तेव्हा विचारलं नाही.

मग लेक म्हणाली, पण फडकं धुतलेलं होतं, हे कुठल्याच इंग्रजी कागदात नव्हतं.